शिवजन्माची तारीख: १६२७ की १६३०? पुरावा तपासायचा कसा

शिवनेरीपायथा

तालुक्याच्या वाचनालयात शिवचरित्राचा एक फलक लावायचा आहे. जन्मतिथीपाशी गाडी अडली. वैशाख शुद्ध २, शके १५४९ (एप्रिल १६२७) ही एक तिथी, आणि फाल्गुन वद्य ३, शके १५५१ (१९ फेब्रुवारी १६३०) ही दुसरी. शासनाने २००१ मध्ये दुसरी स्वीकारली हे माहीत आहे. पण फलकावर "शासनाने ठरवले म्हणून" असे लिहायचे नाही, पुरावा लिहायचा आहे.

सध्या फिरत असलेले दोन आक्षेप देतो. एक, मोबाइलमध्ये १९ फेब्रुवारी १६३० टाकले की मंगळवार येतो आणि जेधे शकावलीत (जेधे देशमुखांकडच्या, शकवार घटना टिपलेल्या जुन्या नोंदींत) शुक्रवार आहे, म्हणून शकावली बनावट. दोन, वैशाखाची तिथी बऱ्याच बखरींत आहे आणि फाल्गुनाची मोजक्या कागदांत, म्हणून बहुमत १६२७ च्या बाजूने. जाणकारांनी दोन्ही तपासून सांगावे.

घटीपळे

पहिला आक्षेप दोन मिनिटांत निकालात निघतो. मराठ्यांच्या इतिहासात आपण ज्या इंग्रजी तारखा वापरतो त्या जुन्या, म्हणजे ज्युलियन पद्धतीच्या आहेत. इंग्रजांनी १७५२ पर्यंत तीच पद्धत चालवली आणि सुरतेच्या वखारीचे कागद तिच्यातच आहेत, म्हणून अभ्यासकांनीही ती ठेवली. मोबाइल आणि संगणकावरची बहुतेक पंचांगे मात्र ऑक्टोबर १५८२ नंतरची कोणतीही तारीख ग्रेगोरियन धरतात. सतराव्या शतकात दोन्हींत १० दिवसांचे अंतर आहे.

म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० (जुनी) = १ मार्च १६३० (नवी). फेब्रुवारी २८ दिवसांचा, कारण १६३० लीप वर्ष नाही. मोबाइलमध्ये १ मार्च १६३० टाका, शुक्रवार येईल. ठिकाण जुन्नर ठेवा, सूर्योदयाची तिथी बघा, वद्य तृतीया येईल. १९ फेब्रुवारी तशीच टाकलीत तर मंगळवार येतो आणि तिथी शुद्ध सप्तमीच्या आसपास येते. वार चुकला एवढेच पाहून लोक थांबतात. पक्षसुद्धा चुकलाय हे पाहिले असते, तर गोंधळ कालगणनेचा आहे हे तिथेच कळले असते.

दुसरी नेहमीची चूक शकाचा सन करताना होते. शकात ७८ मिळवायचे हा नियम चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंतच चालतो. त्यानंतरच्या पौष-माघ-फाल्गुनाला ७९ मिळवावे लागतात. १५५१ + ७८ केले की १६२९ येते आणि "तिसरी तारीख" जन्माला येते. इंग्रजी कागदांत आणखी एक मेख आहे: त्यांचे वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू होत असे. सुरतेची पहिली लूट आपण जानेवारी १६६४ ची म्हणतो. त्या काळच्या इंग्रजी कागदांत ती १६६३ किंवा १६६३/४ अशी दिसते, आणि सुरतेतल्याच डच लोकांच्या कागदांत १० दिवस पुढची, कारण त्यांनी नवी पद्धत घेतली होती. गोव्याच्या पोर्तुगीजांचेही तेच. तीन कागद, तीन तारखा, दिवस एकच.

दफ्तरदार

दुसऱ्या आक्षेपाबद्दल. कागद मोजायचे नसतात, कागदांची मुळे मोजायची असतात. पाच बखरींनी एकाच जुन्या टिपणावरून तिथी उचलली असेल, तर तो पुरावा एकच. त्यासाठी प्रत्येक साधनाला तीन प्रश्न विचारा: लिहिले कधी, लिहिणाऱ्याला ही माहिती मिळाली कुठून, आणि आज आपल्या हातात आहे ते अस्सल की नक्कल.

१६२७ ची बाजू घ्या. मल्हार रामराव चिटणीसांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची, म्हणजे जन्मानंतर पावणेदोनशेहून जास्त वर्षांनी लिहिलेली. त्यांच्यासमोर दफ्तर होते हे मान्य, पण जन्मतिथी कोणत्या कागदावरून घेतली ते त्यांनी सांगितलेले नाही. सर्वांत जुनी सभासद बखर, जिंजीला राजाराम महाराजांच्या काळात लिहिलेली. कृष्णाजी अनंत सभासद स्वतः शिवकाळात वावरलेला माणूस. त्याच्या बखरीत जन्मतिथीच नाही. म्हणजे बखर-परंपरेतला सर्वांत जवळचा साक्षीदार या बाबतीत गप्प आहे आणि लांबचे बोलतात. सभासदाचे मौन १६३० च्या बाजूने मोजू नका, तो एकूणच तिथ्या फारशा देत नाही. पण "बखरी सांगतात" असे सरसकट म्हणताना तो वगळावाच लागतो.

१६३० ची बाजू. जेधे शकावली कारीच्या जेधे देशमुखांकडची. टिळकांनी ती मिळवली आणि १९१६ मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळातर्फे छापली गेली. शके १५४० ते १६१९ पर्यंतच्या नोंदी आहेत. कवींद्र परमानंदाचे शिवभारत हे संस्कृत काव्य समकालीन. त्याची पोथी तंजावरची, दिवेकरांनी १९२७ मध्ये छापली. तिसरी, जोधपूरच्या जुन्या कुंडलीसंग्रहातली महाराजांची कुंडली. एक कागद मावळातला, एक कावेरीकाठचा, एक मारवाडातला. छापून येण्याचा क्रमही बघा: शिवभारत शकावलीनंतर ११ वर्षांनी बाहेर आले. १९१६ मध्ये कोणी शकावलीत तिथी घुसडली असे मानले, तर त्याला तंजावरच्या पोथीतही ती आधीच नेऊन ठेवावी लागली असती.

तर्ककठोर

दफ्तरदारसाहेब, मांडणी पटते, पण पुढे जाण्याआधी तीन शंका नोंदवतो, कारण वाचनालयात कोणीतरी त्या विचारणारच.

शकावलीची आपल्याकडे आहे ती नकलेची प्रत. नकलेत आकडे बदलतात. दुसरे, वार-तिथी-नक्षत्र जुळले म्हणून काय सिद्ध होते? ग्रहलाघव (पंचांगगणिताचा जुना ग्रंथ) जाणणारा कोणताही जोशी शंभर वर्षे मागचे पंचांग मांडू शकतो. गणित जुळले म्हणजे तो दिवस खरा, त्या दिवशी घडलेली घटना खरी असे नव्हे. तिसरे, जोधपूरच्या कुंडलीत संवत १६८६ फागुण वदि ३ आहे. उत्तरेत महिने पौर्णिमान्त, म्हणजे पौर्णिमेला संपणारे; आपले अमान्त, अमावास्येला संपणारे. त्यांचा फाल्गुन वद्य म्हणजे आपला माघ वद्य. म्हणजे ती कुंडली १९ फेब्रुवारी नव्हे, एक महिना आधीचा दिवस सांगते. मग ती जेध्यांना दुजोरा कसा?

घटीपळे

तिसरी शंका सर्वांत मोलाची, म्हणून आधी तीच घेतो. कुंडलीत फक्त तिथी नाही. शुक्रवार आहे, सूर्योदयापासून घटी ३०, पळे ९ आहेत (घटी २४ मिनिटांची, पळ तिचा साठावा भाग), रवी १०|२३ आणि लग्न, म्हणजे पूर्व क्षितिजावर उगवणारा राशीचा अंश, ४|२९. हे पाच आकडे एकमेकांवर तपासता येतात.

रवी १०|२३ म्हणजे दहा राशी पूर्ण होऊन अकराव्या राशीचे, कुंभेचे, २३ अंश. १ मार्च १६३० (नवी) ला सायन रवी (वसंतसंपातापासून मोजलेला) सुमारे ३४१ अंशांवर. त्या काळचा अयनांश (सायन आणि पंचांगातली निरयन मोजणी यांतला फरक) साधारण साडेअठरा ते पावणेएकोणीस. वजा केले की ३२२ च्या पुढे, म्हणजे कुंभेचे २३ वे अंश चालू. जुळले. आता एक महिना आधीचा दिवस घ्या: रवी मकरेत, ९|२३ च्या आसपास यायला हवा, आणि वद्य तृतीयेला वार गुरुवार येतो. रवीही जुळत नाही, वारही नाही. संवत १६८६ म्हणजे शके १५५१ (फरक १३५). त्या वर्षात "फाल्गुन वद्य ३, शुक्रवार, रवी कुंभेत २३" हे सगळे एकत्र बसते ते अमान्त फाल्गुनातच.

आता वेळ. ३० घटी ९ पळे गुणिले २४ मिनिटे, म्हणजे सूर्योदयानंतर सुमारे १२ तास ४ मिनिटे. मार्चच्या सुरुवातीला जुन्नरकडे दिनमान साधारण पावणेबारा तास, म्हणजे सूर्यास्ताला वीस-पंचवीस मिनिटे होऊन गेलेली. सूर्यास्ताला लग्न सूर्याच्या बरोबर समोर असते, म्हणजे ४|२३, सिंहेचे २३ अंश. पुढे चार मिनिटांना साधारण एक अंश. वीस-पंचवीस मिनिटांत पाच-सहा अंश, म्हणून ४|२८ ते ४|२९. कुंडलीत ४|२९. नकलताना एखादा आकडा बिघडला असता तर ही साखळी तुटली असती. निदान हे आकडे नकलेत शाबूत राहिले आहेत.

शकावलीतही असाच दुवा आहे. तिथे तिथी-वारापुढे "हस्त घटी १८ पळे ३१, गड ५ पळे ७" असे आकडे येतात. बरेच जण यावरून जन्म हस्त नक्षत्रावर, १८ घटींवर, म्हणजे दुपारी झाला असे धरतात आणि मग कुंडलीशी विरोध दाखवतात. ते आकडे जन्मवेळेचे नाहीत. पंचांगाच्या ओळीत नक्षत्र आणि योग यांपुढे ते किती घटींपर्यंत आहेत ते लिहितात. हस्त १८|३१ पर्यंत, आणि "गड" म्हणजे गंड योग, तो ५|७ पर्यंत. गणिताने तपासा: त्या सकाळी चंद्र हस्तात सुमारे १६९ अंशांवर, दुपारी १७३ अंश २० कला ओलांडून चित्रेत. योग रवी-चंद्राच्या अंशांच्या बेरजेवरून ठरतो, ती बेरीज सकाळी गंड योगाच्या टोकाला आलेली. दोन्ही बसतात. म्हणून संध्याकाळचा जन्म चित्रेवर येतो आणि शकावली-कुंडली यांत विरोध उरत नाही.

मोडीवाचक

यात शिवभारताचा श्लोकही बारकाईने वाचायला हवा, कारण तिथे एकाच ठिकाणी दोन जातींची माहिती आहे. शक, संवत्सर, शिशिर ऋतू, फाल्गुन कृष्ण तृतीया, रात्र हे एक. आणि पुढे पाच ग्रह उच्चीचे, म्हणजे ज्योतिषाने ठरवलेल्या आपापल्या उच्च राशीत, असल्याचे वर्णन हे दुसरे.

दुसरे अशक्य आहे. रवी कुंभेत, तो मेषेत उच्चीचा. बुध रवीपासून फार लांब जात नाही, त्यामुळे रवी कुंभेत असताना बुध कन्येत असूच शकत नाही. चंद्र कन्येत, त्याची उच्च रास वृषभ. सातांतले तीन गेले, उरले चार. पाच कुठून येणार? हे वर्णन रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गातल्या रघुजन्मावरून आलेले आहे, तिथेही पाच ग्रह उच्चीचेच आहेत. परमानंद दरबारी कवी, राजाच्या जन्माला त्याने कालिदासाचा साज चढवला. म्हणून पूर्ण श्लोक फेकून द्यायचा नाही आणि पूर्ण श्लोक स्वीकारायचाही नाही. रघुवंशात शक-संवत्सर-तिथी नाही. ती परमानंदाने दुसरीकडून, माहिती घेऊन घातली. पोथी हाती घेताना कवीच्या संकेताचा भाग पेन्सिलने वेगळा करावा आणि उरलेल्यावर गणित लावावे.

शके १५५१ ला शुक्ल संवत्सर येते म्हणून कोणी आनंदून जाऊ नये. संवत्सर काढायला शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी पाहा. १५५१ ला ३ उरतात, शुक्ल. १५४९ ला १ उरते, प्रभव. दोन्ही बाजूंचे संवत्सर बरोबरच येणार, कारण ते शकावरूनच निघते. त्याने काहीच सिद्ध होत नाही. वार मात्र सांगतो: वैशाख शुद्ध २, शके १५४९ ला गणिताने शनिवार, ७ एप्रिल १६२७ (जुनी) येतो. तुमच्या हातातल्या छापील बखरीत कोणता वार आहे तो याच्याशी ताडून पाहा.

तर्ककठोर

कुंडलीचे गणित मान्य. पण घटीपळे, तुमच्याच हिशोबातून एक गोष्ट निघते. मारवाडी जोश्याने स्वतः नोंद केली असती, तर त्याने "चैत वदि ३" लिहिले असते, कारण आपला फाल्गुन वद्य तिकडे चैत्र वद्य. त्याने "फागुण वदि" लिहिले, म्हणजे माहिती दक्षिणेतून, दक्षिणी महिन्यासह तिकडे गेली. तर मग ती स्वतंत्र साक्ष कशी? दरबारातून निघालेली एकच कुंडली परमानंदाकडे, जेध्यांकडे आणि मारवाडात गेली असेल, तर दफ्तरदारसाहेबांच्याच नियमाने मूळ एक.

दफ्तरदार

हे बरोबर आहे, आणि फलकावर "तीन स्वतंत्र पुरावे" असे लिहू नये. तीन वेगवेगळ्या वाटांनी आलेली, महाराजांच्या घरातून निघालेली माहिती, असे म्हणावे. जन्मतिथीच्या बाबतीत हेच हवे असते. मूल जन्मल्याची वेळ घरच्यांखेरीज दुसऱ्या कोणाला माहीत असणार? लढाईला शत्रूची साक्ष मागता येते, बाळंतपणाला नाही. घरची माहिती समकालीनांपर्यंत पोचली आणि वाटेत बिघडली नाही, एवढे दाखवता आले की पुरे. १६२७ साठी अशी एकही वाट दाखवता येत नाही.

आता तुमची पहिली शंका, नकलेची. नकलेची विश्वासार्हता ठरवायची तर जिथे बाहेरचा पुरावा आहे अशा नोंदी तपासायच्या. अफझलखानाचा वध मार्गशीर्ष शुद्ध ७, शके १५८१, म्हणजे १० नोव्हेंबर १६५९. सुरत, पुरंदरचा तह, आग्रा यांच्या नोंदी इंग्रजी, फारसी आणि राजस्थानी कागदांशी लावून बघा. आग्र्याहून सुटका श्रावण वद्य १२, शके १५८८, म्हणजे १७ ऑगस्ट १६६६. अंबरच्या राजस्थानी पत्रांत हाच पंधरवडा भाद्रपद वदी असतो, तो महिना आधी जुळवून घ्या, नाहीतर शकावली महिनाभर चुकली असे वाटेल. शकावलीत चुकलेल्या नोंदीही आहेत, कोणत्याही नकलेत असतात. पण जन्माच्या नोंदीत तिथी, वार, नक्षत्राच्या घटी आणि योगाच्या घटी असे चार आकडे एकमेकांना धरून आहेत. नकलकाराच्या हातून एक घसरला असता तर बाकीच्यांनी तो पकडून दिला असता. जिथे नुसती तिथी आहे त्या नोंदींना हे कवच नाही, त्या जपून वापराव्यात.

शिवनेरीपायथा

खूप उलगडले. याच निमित्ताने एक विचारतो: एका मोडी पत्राचा फोटो फिरतोय, "१६६० चे महाराजांचे पत्र" म्हणून. त्यावर सन इहिदे सबैन अलफ आहे. पाठवणारा म्हणतो, इहिदे सबैन अलफ म्हणजे १०७१, आणि हिजरी १०७१ म्हणजे १६६०-६१. बरोबर का?

मोडीवाचक

आकडा बरोबर, सन चुकला. इहिदे १, सबैन ७०, अलफ १०००, म्हणजे १०७१. पण मराठी कागदांत अरबी अंकशब्दांत लिहिलेला सन बहुधा शुहूर असतो, हिजरी नव्हे. शुहूर वर्ष सौर आहे, सूर्य मृगात शिरला की बदलते. इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे हे पत्र १६७०-७१ चे. हिजरी वर्ष चांद्र असल्याने दोन्हींत शिवकाळात साधारण १० वर्षांचा फरक पडलेला आहे. पुढे पेशवाईत तो आणखी वाढतो, त्यामुळे "१० वजा करा" असा सोपा नियम करू नका.

गुंतागुंत अशी की वर्ष सौर असले तरी आत महिने आणि चंद्र मुसलमानी: छ ५ रजब, छ २० जिल्हेज असे. "छ" म्हणजे चंद्र. तारीख काढताना आधी शुहूर वर्षाची दोन टोके इसवीत मांडा, मग त्या टप्प्यात तो चांद्र महिना कुठे पडतो ते बघा. वर्ष ३६५ दिवसांचे आणि बारा चांद्र महिने ३५४ चे, त्यामुळे वर्षाच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या सुमारे अकरा दिवसांत त्याच चांद्र तारखा दोनदा येतात. तेव्हा मजकुरावरूनच ठरवावे लागते.

फोटो पाहताना: वर शिक्का आहे का, शेवटी "मर्यादेयं विराजते" ची मुद्रा आहे का, की शिक्क्याच्या जागी नुसते शब्द लिहिलेत? शब्द असतील तर ती तालीक, म्हणजे नक्कल. तालीक खोटीच असते असे नाही, पण अक्षराच्या वळणावरून काळ ठरवू नका, ते वळण नकलकाराचे. मजकुरात "क्षत्रियकुलावतंस श्रीराजा शिवछत्रपती" आहे आणि तारीख ६ जून १६७४ च्या आधीची आहे, तर कागद संशयित. राज्याभिषेक शक वापरलाय आणि घटना आधीची, तर तेच. कागदाच्या पाठीमागचा फोटो मागवा. दफ्तरी नोंद आणि जोडावरच्या खुणा तिकडे असतात, आणि फिरणाऱ्या फोटोंत नेमकी पाठ नसते.

शिवनेरीपायथा

पत्र फलकावरून काढले, पाठीचा फोटो आल्याशिवाय नको. जन्माचा मजकूर असा लिहितोय, दुरुस्ती सांगा: "फाल्गुन वद्य ३, शके १५५१, शुक्रवार, सूर्यास्तानंतर. १९ फेब्रुवारी १६३० (ज्युलियन). आधार: जेधे शकावली, शिवभारत, जोधपूरची कुंडली. वैशाख शुद्ध २, शके १५४९ ही तिथी उत्तरकालीन बखरींत आढळते."

घटीपळे

"(ज्युलियन)" पुढे "= १ मार्च १६३०, ग्रेगोरियन" एवढे जोडा, म्हणजे मोबाइलवर तपासणाऱ्याला वार जुळेल. आणि "सूर्यास्तानंतर" ला आधार एकट्या कुंडलीचा नेमका आहे, शिवभारतात फक्त रात्र आहे, शकावलीत वेळच नाही. म्हणून तो शब्द तिन्ही आधारांच्या ओळीत नको, कुंडलीच्या नावासमोर कंसात घाला.

तर्ककठोर

"उत्तरकालीन बखरींत" या शब्दांच्या जागी बखरीचे नाव आणि तिचा लेखनकाळ लिहा. वाचणाऱ्याला अंतर किती ते स्वतः मोजता येईल. जोधपूरच्या संग्रहात दक्षिणेतल्या इतर माणसांच्या कुंडल्या असतील तर त्यांचे महिने अमान्त आहेत की पौर्णिमान्त, हे कोणी पाहिले असेल तर इथे लिहावे. सगळे अमान्त निघाले, तर माहिती दक्षिणेतून जशीच्या तशी जात होती हे पक्के होईल.

दफ्तरदार

त्या तपासणीत रवीचे अंश दिलेल्या कुंडल्याच घ्या. नुसती तिथी असलेल्या कुंडलीत महिना कोणत्या पद्धतीचा ते ठरवता येणार नाही.